सॅन फ्रान्सिस्कोच्या चिनी पेठेत

आपल्या समाजात आता असे घर विरळाच, की ज्यातील एखादा मुलगा, मुलगी किंवा पुतण्या परदेशी नाही. पूर्वी मुलगा मद्रासला किंवा कलकत्त्याला पेढीवर गेला, तरी घरचे लोक 'फार दूर गेला' म्हणून हळहळत. आज तो कॅलिफोर्नियात असतो आणि आईवडील पासपोर्ट सांभाळत सहा महिन्यांसाठी त्याच्याकडे जातात. तिथे गेल्यावर काय पाहायचे याची यादीही आता ठरून गेली आहे. गोल्डन गेट नावाचा तो तांबडा पूल, समुद्रकिनारा, मिल्पिटासचे आपले मंदिर आणि सवलतीच्या दराने कपडे विकणारी मोठमोठी दुकाने. पहिल्या दोन खेपांत आम्ही उभयतांनी ही यादी पुरी केली. तिसऱ्या खेपेस, म्हणजे २०२५ च्या उन्हाळ्यात, मी चिरंजीवांना सांगितले की या वेळी मला एक बाजारपेठ पायी फिरून पाहायची आहे.

बाजारपेठच का, असे त्याने विचारले नाही. माझ्या नोकरीची चौतीस वर्षे एका राष्ट्रीयीकृत बँकेत गेली आणि त्यातील बरीचशी बाजारपेठेतील शाखांमध्ये. हळदीच्या पोत्यांवर, गुळाच्या भेल्यांवर आणि कापडाच्या ताग्यांवर कर्ज देणे हे माझे काम होते. त्या काळात एक गोष्ट मनात पक्की बसली. गावाचे खरे रूप त्याच्या चावडीत किंवा नाट्यगृहात दिसत नाही, ते सकाळी दुकाने उघडताना पेठेत दिसते. कोण कोणाला उधार देतो, कोणाच्या शब्दावर माल सुटतो, अडचणीत सापडलेल्याकडे कोण धावून जातो, हे तिथे कळते.

या खेपेला आणखी एक कारण होते. आम्ही गेलो होतो ते सूनबाईंच्या दुसऱ्या बाळंतपणासाठी. थोरली नात नऊ वर्षांची. तिचा जन्म तिथलाच, म्हणून ती अमेरिकेची नागरिक. चिरंजीव आणि सूनबाई मात्र अजून नोकरीच्या व्हिसावर, कायम वास्तव्याच्या रांगेत उभे. २०२५ च्या जानेवारीत तिथल्या राष्ट्राध्यक्षांनी असा आदेश काढला होता, की तात्पुरत्या परवान्यावर राहणाऱ्या आईबापांच्या पोटी यापुढे जन्मणाऱ्या मुलांना जन्मामुळे नागरिकत्व मिळणार नाही. न्यायालयांनी त्याची अंमलबजावणी रोखून धरली होती. तरीही घरात तो विषय निघाला की चिरंजीव गप्प होत आणि सूनबाई उठून स्वयंपाकघरात जात. एकाच आईची दोन लेकरे, एक इथली आणि एक परकी, अशी शक्यता कोणत्या घराला मानवेल?

एका शनिवारी चिरंजीव, नात आणि मी असे तिघे निघालो. सौ. सूनबाईंजवळ थांबल्या. त्यांनी दशम्या आणि चटणीचा डबा बरोबर दिला. सनीवेलहून रेल्वेने सॅन फ्रान्सिस्को आणि तिथून भुयारी ट्रामने थेट चिनी पेठेखाली जाता येते. आमची फेरी मात्र पेठेच्या दक्षिण वेशीपासून सुरू व्हायची होती, म्हणून थोडे अलीकडेच उतरलो. आम्ही दहा-बाराजण होतो. मार्गदर्शक बाई सत्तरीच्या, याच पेठेत जन्मलेल्या, निवृत्त शिक्षिका. आवाज बारीक पण स्पष्ट. त्यांनी आधी सर्वांचे जोडे पाहिले आणि म्हणाल्या, "इथले चढ फसवे आहेत, गुडघ्यांना विचारून चला."

वेशीवर हिरव्या कौलांची कमान आहे. तिला ड्रॅगन गेट म्हणतात. दोन बाजूंना दोन दगडी सिंह, मध्ये मोठे द्वार, कडेला दोन लहान द्वारे. लोक इथे छायाचित्रे काढतात आणि ही शेकडो वर्षांची वास्तू असावी असे समजतात. प्रत्यक्षात ती १९७० ची, म्हणजे माझ्यापेक्षाही वयाने लहान. पेठ मात्र जुनी आहे. १८४९ च्या सुमारास कॅलिफोर्नियात सोने सापडल्याची बातमी चीनच्या दक्षिण किनाऱ्यावर पोहोचली, तेव्हा ग्वांगडोंग प्रांतातील दुष्काळाने आणि बंडाळीने गांजलेले तरुण जहाजात बसून निघाले. त्यांनी या मुलुखाला नाव दिले सुवर्णपर्वत. सोने फार थोड्यांना मिळाले. बाकीच्यांनी डोंगर फोडून रेल्वेचे रूळ टाकले, पाणथळ जमिनी लागवडीखाली आणल्या, धोबीकाम केले, स्वयंपाक केला, आणि या उतारावर दुकाने थाटली. उत्तर अमेरिकेतील सर्वांत जुनी चिनी वस्ती ती हीच.

ग्रँट अव्हेन्यू हा पेठेचा दर्शनी रस्ता. कंदिलांच्या माळा, वळणदार छपरे, लाल आणि सोनेरी रंगाचे सज्जे. कॅलिफोर्निया स्ट्रीटच्या चौकात बाई थांबल्या. एका कोपऱ्यावर विटांचे जुने सेंट मेरी चर्च, १८५४ चे. समोर पॅगोड्यासारखा मनोरा असलेली इमारत, नाव सिंग चाँग. "यातले चिनी कोणते?" त्यांनी विचारले. नातीने अर्थातच मनोऱ्याकडे बोट दाखवले. बाई हसल्या. ती इमारत गोऱ्या वास्तुकारांनी आखलेली होती आणि चीनमध्ये तशी इमारत शोधून सापडली नसती.

या इमारतीमागची हकिकत व्यापाऱ्याने ऐकावी अशी आहे. १८ एप्रिल १९०६ रोजी पहाटे सॅन फ्रान्सिस्कोत प्रचंड भूकंप झाला आणि मागोमाग आग लागली. चिनी पेठ पूर्ण जळाली. शहरातील काही पुढाऱ्यांना ती आयती संधी वाटली. ही जागा शहराच्या मध्यात, मोक्याची. चिनी लोकांना दक्षिणेकडे टोकाला हंटर्स पॉइंटला हलवावे, असा घाट घातला गेला. चिनी व्यापाऱ्यांनी आरडाओरडा केला नाही. त्यांनी हिशेब मांडला. आमचा व्यापार गेला तर भाडे कोण देणार, कर कोण भरणार, पूर्वेकडून येणारा माल दुसऱ्या बंदरात उतरला तर नुकसान कोणाचे? चीनच्या सरकारनेही आपली वकिलात जुन्या जागेवरच बांधणार असे कळवले. आणि व्यापाऱ्यांनी तातडीने बांधकामे काढली.

या धामधुमीत पुढे होता लुक टिन इलाय नावाचा व्यापारी. त्याने ताडले, की शहराला चिनी माणूस नको असला तरी चिनी देखावा हवा आहे. पूर्वीची पेठ साध्या विटांच्या चाळींची होती. आता लोक लांबून पाहायला येतील अशी छपरे चढवावीत, म्हणजे पेठ हलवा म्हणणारेच तिची जाहिरात करतील. झालेही तसेच. ज्या छपरांची आज छायाचित्रे निघतात, ती एका समाजाने आपली जागा टिकवण्यासाठी घातलेली वस्त्रे आहेत. आत तीच काटकसर, तेच चोपडीतले आकडे, गल्ल्याजवळ तोच मण्यांचा हिशेबफलक.

या लुक टिन इलायने पुढच्याच वर्षी, १९०७ मध्ये, कँटन बँक स्थापन केली. अमेरिकेतील चिनी मालकीची ती पहिली बँक. ती १९२६ मध्ये बुडाली, हेही बाईंनी लपवले नाही. बँकेचे नाव निघताच माझे कान टवकारले. ज्यांना शहरातील इतर पेढ्या दारात उभे करीत नसत, त्यांच्या ठेवींना आपल्या माणसाने कुलूप दिले, ही केवढी मोठी गोष्ट! त्यापूर्वी आणि नंतरही लहान दुकानदारांचा आधार होता तो एका पद्धतीचा. दहा-वीस ओळखीचे लोक दरमहा ठरावीक रक्कम जमवतात आणि ज्याला गरज असेल तो बोली लावून ती उचलतो. चिनी भाषेत तिला 'हुई' म्हणतात. मी चिरंजीवांकडे पाहिले. तो म्हणाला, "बाबा, ही तर भिशी!" लिलाव भिशीच ती. तारण एकच, माणसाचे नाव.

पुढे सॅक्रामेंटो स्ट्रीट लागला. चिनी लोक याला जुन्या काळापासून 'तांग लोकांचा रस्ता' म्हणतात. इथे बाईंनी सर्वांना भिंतीकडे घेतले आणि कायद्याची गोष्ट सांगितली. १८८२ मध्ये अमेरिकेने चिनी मजुरांना देशात येण्यास बंदी करणारा कायदा केला. एखाद्या देशाच्या लोकांचे नाव घेऊन त्यांना दार लावणारा तिथला हा पहिला मोठा कायदा. चिनी माणसाला नागरिकत्व देण्यासही त्याने मनाई केली. सवलत होती ती शिक्षक, विद्यार्थी, प्रवासी आणि व्यापाऱ्यांना.

व्यापाऱ्यांना सवलत, हे ऐकून बरे वाटते. पण व्यापारी कोण? १८९३ च्या दुरुस्तीत व्याख्या आली. ज्याचे ठरावीक जागी दुकान आहे, ज्याचा धंदा त्याच्या स्वतःच्या नावावर चालतो आणि जो धंद्यापुरते अत्यावश्यक सोडून अंगमेहनतीचे काम करीत नाही, तो व्यापारी. शिवाय तो व्यापारी असल्याची साक्ष दोन भरवशाच्या माणसांनी द्यायची, आणि ती माणसे चिनी नसावीत. आपल्यापैकी कोणाच्या आजोबांनी पोते उचलले नाही? कोणाच्या वडिलांनी दुकान स्वतः झाडले नाही? या व्याख्येने पाहिले तर आपल्या बहुतेक पेढ्यांचे मूळ पुरुष मजूर ठरले असते. मी कर्जाच्या अर्जांवर आयुष्यभर 'व्यवसाय : व्यापार' असे शब्द वाचले. त्या शब्दावर एखाद्याचे देशात राहणे अवलंबून असेल, असे कधी मनात आले नव्हते.

धोब्यांची कथा याच काळातील. शहराने १८८० मध्ये नियम केला, की लाकडी इमारतीत धोबीखाना चालवायचा तर परवाना हवा. कारण सांगितले आगीचे. शहरात सुमारे ३२० धोबीखाने होते, त्यातील ३१० लाकडी, आणि सुमारे २४० चिनी लोकांचे. दोनशे चिनी धोब्यांचे अर्ज फेटाळले गेले. चिनी नसलेल्या ऐंशी-एक जणांना, एक वगळता, परवाने मिळाले. 'यिक वो' या नावाच्या धोबीखान्याचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १८८६ मध्ये न्यायालयाने सांगितले, की कायदा कागदावर सर्वांना सारखा असून भागत नाही, तो राबवताना डोळा मारून भेद केला तर तोही अन्यायच. आणि हे संरक्षण नागरिक नसलेल्या परक्या माणसालाही आहे. कपडे धुणाऱ्यांनी मिळवलेला हा निकाल आजही तिथले वकील पुढे करतात.

मग बाईंनी उताराकडे हात केला. याच रस्त्यावर ७५१ क्रमांकाच्या घरात १८७३ मध्ये एका चिनी दुकानदाराच्या पोटी मुलगा झाला, वाँग किम आर्क. मोठेपणी तो स्वयंपाकी झाला. १८९४ मध्ये चीनला जाऊन तो पुढच्या वर्षी परतला, तेव्हा बंदरावर त्याला अडवले. तुझे आईबाप चिनी, तेव्हा तूही चिनी, असे सांगून त्याला महिनोन्महिने बंदरातील जहाजांवर अडकवून ठेवले. जन्मगाव समोर दिसत असताना! खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २८ मार्च १८९८ रोजी सहा विरुद्ध दोन मतांनी निकाल लागला. आईबाप कोणत्याही देशाचे असोत, ते इथे कायम वस्ती करून राहात असताना या भूमीवर जन्मलेले मूल इथले नागरिक आहे.

चिरंजीव माझ्या शेजारी उभा होता. त्याने काही विचारले नाही. नातीने मात्र मोठ्याने विचारले, "म्हणजे आजोबा, माझा पासपोर्ट त्यांच्यामुळे?" बाईंनी तिच्याकडे वळून सांगितले, "हो बाळ, तुझा आणि माझाही." क्षणभर कोणी बोलले नाही. त्यात भावनेचा भाग असेल, पण मला बँकेतील एक साधी गोष्ट आठवली. खातेदाराच्या नावावर रक्कम जमा दिसते, पण ती कोणी भरली याची चिठ्ठी जुन्या गठ्ठ्यात असते. आम्ही जमा बाजू पाहून आनंदात होतो. चिठ्ठी त्या दिवशी प्रथमच पाहिली.

ही चिठ्ठी एकट्या स्वयंपाक्याची नव्हती. चढ चढून आम्ही स्टॉक्टन स्ट्रीटला आलो. तिथे ८४३ क्रमांकाला रंगीत कौलांची एक इमारत आहे. चिनी समाजाच्या मध्यवर्ती संस्थेची. लोक तिला अजून 'सहा कंपन्या' म्हणतात, कारण मुळात गावागावांप्रमाणे सहा मंडळे होती आणि ती एकत्र आली. नवख्याला बंदरावरून आणणे, राहायला खोली देणे, काम मिळवून देणे, भांडणे मिटवणे, आजाऱ्याची सोय करणे आणि परमुलखात मेलेल्याच्या अस्थी त्याच्या गावी पोहोचवणे, ही यांची कामे. न्यायालयात लढण्यासाठी वर्गणी गोळा करणे हेही त्यांचेच काम. वाँग किम आर्कच्या मागे हीच मंडळी उभी होती. वर्गणीदारांत धोबी होते, मोलकरी होते. त्यातील पुष्कळांना तो निकाल लागला तरी स्वतःला काहीच मिळणार नव्हते. ते चीनमध्ये जन्मले होते.

या संस्थेची आणखी एक रीत ऐकून मी थक्क झालो. कोणी चिनी माणूस मायदेशी परत जायला निघाला, की त्याला संस्थेकडून दाखला घ्यावा लागे, याच्याकडे कोणाचे देणे नाही म्हणून. तो नसेल तर जहाज कंपनी तिकीट देत नसे. आमच्या बँकेत निवृत्त होणाऱ्यालाही असाच बेबाकी दाखला आणावा लागतो. पण तिथे मागे सरकार आणि कायदा असतो. यांच्यामागे सरकार नव्हते, उलट ते विरोधात होते. तरी समाजाने आपली पत आपणच राखली. दुकानदार उधारी देऊ शकले, कारण ती बुडणार नाही हे समाजाने पाहिले. या व्यवस्थेत जाचही असणार, हे उघड आहे. पण शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी, परक्या मुलुखात, भाषा येत नसताना माणसे तगली ती याच आधारावर.

स्टॉक्टन स्ट्रीट हा रहिवाशांचा खरा बाजार. ग्रँट अव्हेन्यू पाहुण्यांसाठी, हा घरच्यांसाठी. फूटपाथवर खोकी मांडलेली, म्हाताऱ्या बाया भाजीचा एकेक देठ तपासून घेणाऱ्या. कारली, कोहळे, दुधी, हातभर लांब चवळीच्या शेंगा, सारे ओळखीचे. काही दुकानांत जिवंत मासे आणि कासवे टाक्यांत ठेवलेली असतात. तिथे माझ्याने उभे राहवले नाही. नातीचा हात धरून मी रस्ता ओलांडला. बाईंच्या ते ध्यानात आले असावे. पुढे गेल्यावर त्या म्हणाल्या, की चिनी बौद्ध भिक्षू मांसाहार करीत नाहीत, एवढेच नव्हे तर कांदा आणि लसूणही वर्ज्य मानतात. नववर्षाच्या पहिल्या दिवशी कितीतरी चिनी घरांत तसेच जेवण असते. कांदा-लसणाशिवाय जेवणारा मी एकटाच विचित्र नाही, हे कळून सहप्रवाशांच्या नजरा मवाळ झाल्या. त्या भाजीत अळंबी असते आणि कंदही असतात. तेव्हा आम्ही दशम्यांचाच डबा उघडला. बाईंनी एक दशमी घेतली आणि कशी करतात ते विचारून घेतले.

रॉस अॅली नावाची बोळ जेमतेम दोन हातगाड्या जातील एवढी. तिथे १९६२ पासून एक लहानसा कारखाना आहे. गरम चकती लोखंडी तव्यावरून उचलायची, तिच्यात भविष्याची चिठ्ठी ठेवायची आणि ती कडक होण्यापूर्वी दुमडायची. बाया हे काम अजून हाताने करतात. त्यात अंडे असते, म्हणून नातीने खाल्ले नाही, पण चिठ्ठी मागून घेतली. पलीकडे वेव्हर्ली प्लेस. एके काळी इथे पंधरा सेंटांत केस कापून मिळत, म्हणून तिला 'पंधरा सेंटांची गल्ली' म्हणत. तिथल्या एका इमारतीच्या अगदी वरच्या मजल्यावर तिन हाऊ देवीचे मंदिर आहे. ही समुद्रावरच्या प्रवाशांची रक्षणकर्ती. मंदिराची स्थापना १८५२ च्या सुमाराची समजतात. अरुंद जिने चढताना दम लागला. आत मंद उजेड, छताला लाल-सोनेरी कंदील, समोर संत्र्यांच्या राशी. जहाजातून जिवंत उतरलेल्या माणसाने पहिले आभार इथे मानले असतील. आम्ही बाहेर उभे राहून हात जोडले आणि उतरलो.

वॉशिंग्टन स्ट्रीटवर तीन थरांच्या छपराची एक ठेंगणी इमारत आहे. आत आज बँक आहे. १९०९ मध्ये ती बांधली गेली ती मात्र टेलिफोन केंद्रासाठी. चिनी लोकांना माणसाला आकड्याने पुकारणे असभ्य वाटे. त्यामुळे ग्राहक नंबर न सांगता नाव सांगत, आणि केंद्रातील मुलींना दोन हजारांहून अधिक ग्राहकांची नावे, त्यांचे पत्ते आणि पाच बोलीभाषा तोंडपाठ असत. १९४९ मध्ये तबकडीचे फोन आले आणि केंद्र बंद झाले. पुढे एका बँकेने ती वास्तू घेऊन जतन केली. मी काचेच्या दारातून आत डोकावलो. आमच्या पिढीने खातेदाराला चेहऱ्याने ओळखून सही न पाहता पैसे दिले, आणि नंतर अकरा आकडी खातेक्रमांकाशिवाय त्याच्याशी बोलणे सोडले. त्या मुलींचे काम मला परके वाटले नाही.

फेरी संपली ती पोर्ट्समथ स्क्वेअरमध्ये. झाडांखाली वृद्ध मंडळी पत्ते आणि बुद्धिबळ खेळत होती. बाकावर बसल्यावर कोणीतरी बाईंना त्यांच्या घराण्याविषयी विचारले. त्यांनी सांगितले ते असे. भूकंपाच्या आगीत शहराची जन्मनोंदणीची दप्तरे जळाली. तेव्हा अनेक चिनी पुरुषांनी आपण इथेच जन्मलो असे सांगितले. ते खोडायला कागद उरला नव्हता. अशा नागरिकाला चीनमधील आपली मुले आणता येत. मग ज्यांना खरे मुलगे नव्हते, त्यांनी कागदावर मुलगे दाखवून ती जागा दुसऱ्याला विकली. त्यांना 'कागदी मुलगे' म्हणत. त्यांना पकडण्यासाठी १९१० ते १९४० या काळात खाडीतील एंजल बेटावर ठेवून उलटतपासणी होत असे. तुझ्या घराला पायऱ्या किती, विहीर कोणत्या दिशेला, शेजाऱ्याची कितवी मुलगी कुठे दिली? उत्तर चुकले तर परतीचे जहाज.

"माझे वडील बारा वर्षांचे असताना त्या बेटावर होते," बाई म्हणाल्या. "जहाजात त्यांनी एका परक्या कुटुंबाची वही पाठ केली आणि किनारा दिसताच ती समुद्रात टाकली. मी आयुष्यभर जे आडनाव लावले ते त्या वहीतले. वडिलांच्या थडग्यावर इंग्रजीत कागदी आडनाव आहे आणि खाली चिनी अक्षरांत खरे." हे त्यांनी तक्रारीच्या सुरात सांगितले नाही. बँकेत मी कागद नीट नाही म्हणून कितीतरी अर्ज परत केले आहेत, आणि तेच बरोबर होते. तरीही त्या बाकावर बसून वाटले, की कागद माणसासाठी असतो हे ज्या राज्याला उमगत नाही, ते राज्य माणसांना खोटे कागद शिकवते. १९४३ मध्ये बंदीचा कायदा रद्द झाला, तेव्हा चिनी लोकांना वर्षाला मिळालेल्या जागा होत्या १०५. दार मोकळे झाले ते १९६५ च्या कायद्याने. आपली मुले आज तिथे गेली ती त्याच दारातून.

परतीच्या गाडीत नात झोपली. चिरंजीव बराच वेळ खिडकीबाहेर पाहात होता. मग म्हणाला, "बाबा, त्या माणसाला पुढे तरी सुखाने राहू दिले का?" मी बाईंना हेच विचारले होते. नाही. निकालानंतर तीन वर्षांनी टेक्सासमध्ये वाँग किम आर्कला पुन्हा अटक झाली आणि पुन्हा सिद्ध करावे लागले, की तो तोच. १९१० मध्ये त्याच्या थोरल्या मुलाला प्रवेश नाकारला गेला. सर्वोच्च न्यायालयाने दिलेला हक्कसुद्धा दर पिढीला पुन्हा मागावा लागतो. "मग आपणही मागू," चिरंजीव म्हणाला. कित्येक महिन्यांत या विषयावर त्याने पुरे वाक्य उच्चारले ते हेच. घरी आल्यावर त्याने सूनबाईंना ती सारी हकिकत सांगितली आणि त्या शेवटपर्यंत बसून ऐकत होत्या.

दिवाळीच्या आधी दुसरी नात झाली. तिचा जन्मदाखला हाती आला तेव्हा तो मी दोनदा वाचला. पुढे हा प्रश्न तिथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला. निकालाविषयी बोलणे माझे काम नाही. एवढे मात्र आम्ही केले, की ज्या वकिलांच्या संस्था हे खटले चालवत होत्या त्यातील एकीला चिरंजीवांनी दोन्ही मुलींच्या नावे वर्गणी पाठवली. रक्कम मोठी नव्हती. धोब्यांचीही नसणार.

समाजबांधवांना एकच विनंती. मुलांकडे गेलात की पूल पाहा, मंदिरात जा, पण एक सकाळ या पेठेसाठी ठेवा. फेरीला दोन-तीन तास लागतात. चांगले जोडे घाला, पाणी आणि डबा बरोबर ठेवा. नातवंडांना नक्की न्या. आपल्या घरी आपण त्यांना पणजोबांनी पेढी कशी उभी केली ते सांगतो. ज्या देशात ती जन्मली, तिथे त्यांच्यासाठी दार कोणी उघडून ठेवले, हेही त्यांना आजी-आजोबांकडून कळावे.